शेंडेनक्षत्र, पहाटे सव्वाचार

आधी शेपूट उगवते, मग डोकं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
डोंगरामागून एक फिकट पट्टा उभा राहिला
आणि ओर्तेन्सिया आत्या गाडीतूनच म्हणाली,
खाणवाल्यांनी नवा सर्चलाइट लावलाय वाटतं.
पापा काही बोलले नाहीत.
त्यांचा डावा कान सुरुंगांनी नेला,
आत्या बोलायला लागली की ते तोच पुढे करतात.

बाकेदानोच्या पुढे, रेल्वेचं फाटक ओलांडून,
जिथे खारी जमीन पायाखाली पापडासारखी मोडते,
तिथे आम्ही दोनपासून.

इकडच्या आकाशात ध्रुव आहे, ध्रुवतारा नाही.
उत्तरेच्या लोकांना खिळा ठोकून मिळाला,
आम्हाला नुसतं भोक.
भोकाजवळ चार मिणमिणते तारे.
ते सापडेपर्यंत पापा गुडघ्यावर, जुन्या पोत्यावर,
एक डोळा मिटून,
स्क्रू पाव फेरा इकडे, अर्धा पाव फेरा तिकडे.
एकतीस वर्षं तांब्याच्या खाणीत वायरिंग केलेला माणूस,
घाई कशाला म्हणतात ते त्यांना माहीत नाही.

समुद्रावरचं धुकं कधी कधी इथवर चढतं.
काचेवर दव धरू नये म्हणून दुर्बिणीच्या गळ्यात
त्यांनी एक गरम पट्टा घातलाय. आत रेझिस्टर,
वरून अस्तर. शिवलाय, आईच्याच मशीनवर.
अस्तर आईच्या कोटाचं.
मी ओळखलं. विचारलं नाही.

बटण मी दाबायचं.
त्यांचा हात मागच्या हिवाळ्यापासून त्यांचं ऐकत नाही.
यावर आमच्यात बोलणं झालेलं नाही.
केबल तू धर, यास्ना, एवढंच म्हणाले,
जणू वाटणी आधीच ठरलेली.

उघड. तीस मोज. मिट.
उघड.
तीस मोजताना श्वास कुठे ठेवायचा कळत नाही.
डोकं वर आलं तेव्हा ते हिरवट होतं,
कच्च्या द्राक्षाच्या आतल्या रंगाचं.
चौदाव्या फ्रेमला आत्याने चहा ओतायला दार उघडलं,
दिवा लागला, जमीन हलली,
आणि सगळ्या ताऱ्यांना आकडे फुटले.
दिवा! दिवा! पापा ओरडले.
ती म्हणाली, साखर दिसत नव्हती.

मग उजाडलं. उजेडाने शेपटीपासून खायला घेतलं.

खरा पेच घरी.
एक्केचाळीस फ्रेम, चौदावी सोडून,
एकावर एक रचायच्या.
ताऱ्यांवर नेम धरला
तर धूमकेतू तळहाताने पुसलेल्या खडूसारखा.
धूमकेतूवर धरला
तर तारे नुसते ओरखडे.
आम्ही थंडीत कुडकुडत एका जागी उभे होतो
आणि तो सगळा वेळ निघून जात होता.
मिर्को म्हणाला, आजोबा, सोपं आहे,
दोन्ही वेगळे काढायचे आणि जोडायचे.
पापांनी उजवा कान वळवला.
जोडलेलं चित्र मग किती वाजताचं?
मिर्को हसला. मलाही सुचलं नाही काही.
त्याने जोडलं. सुंदर झालं.
आत्याच्या फ्रिजवर लावलंय, लिंबाच्या चुंबकाखाली.

दुसरा कॅमेरा, जुना, रुंद भिंगाचा,
तिपाईवर आपल्या आपण चालू होता.
कार्ड मी चार दिवसांनी पाहिलं.
नव्वदेक फोटो डोंगराचे, आभाळाचे,
आणि एक, दार उघडलं त्याच क्षणाचा.
गाडीतला पिवळा उजेड पापांच्या गालावर,
मागे धूमकेतू, शांत, टोकदार,
आणि पापांचा हात आकाशाकडे काही दाखवतोय,
मनगटापर्यंत हात,
पुढे धूर.

पुसून टाक, म्हणाले, हललाय.
हो म्हटलं.
त्याचा नंबर सव्वीस-शून्य-सात आहे.