बेडकीचा पाला

खोतीगावच्या कुष्टा वेळीपाने
शनिवारी माझ्यासमोर स्टुलावर पाय ठेवला.
घोटा उकडलेल्या नीरफणसासारखा फुगलेला,
टाचेत भोक,
बोट लावलं तरी त्याला न दुखणारं.

काय लावलंत?
हळद. मग कसलीशी साल.
मग, आवाज उतरवून, देवाचा अंगारा.

साखर तीनशे बारा. उपाशीपोटी.
आणि हा तोच माणूस
ज्याच्या अंगणात मडगावच्या गाड्या उभ्या असतात
गोडेंमुताच्या औषधासाठी.

आकडा त्याने ऐकला
दुसऱ्याच्या म्हशीचा भाव ऐकावा तसा.
मग कमरेच्या पंचातून पानं काढली,
चार, पाठीवर बारीक लव असलेली.
"चाबून पळय, बाय."

कडवट. गवताळ. विशेष काही नाही.
मग माझ्याच चहाच्या डब्यातली साखर
त्याने माझ्या तळहातावर ओतली.

वाळू.
पाळोळ्याला भरती ओसरल्यावर
पोरं तोंडात घालतात ना, तशी
दातांत करकरणारी.
बत्तीस वर्षं ओळखीची होती ही चव,
आणि दाराशी येऊन
नाव न सांगता उभी.

तो हसला. समोरचे दोन दात नव्हते.

जीभ फसते, मी म्हटलं, रक्त फसत नाही.
"रगत पळोवपाक तुजें मशीन आसा.
जिबेक कोण पळयता?"

मागच्या वर्षी फर्मागुढीहून एक मुलगी आली होती,
हीच वेल पिशव्यांत भरून घेऊन गेली.
उंदरांची साखर उतरली म्हणे, सूजही.
अहवालात तिने लिहिलं: आशादायक.
उंदरांना लग्नाची आमंत्रणं येत नाहीत.
चवथीला कुणी त्यांच्या पानात
नेवरी वाढत नाही.

तुम्ही स्वतः खाता का हा पाला?
तो बराच वेळ भिंतीवरचं
लसीकरणाचं वेळापत्रक बघत राहिला.
आपल्या हातचं औषध आपल्याला लागत नाही, म्हणाला.
दुसऱ्याने द्यावं लागतं.
देणारी दोन वर्षांमागे गेली.

जखम धुतली. कापूस पिवळा निघाला, मग लाल,
लाल बघून मला बरं वाटलं.
मडगावची चिठ्ठी लिहिली. गोळ्या मोजून दिल्या,
जेवणाबरोबर, दोन वेळा,
पाल्याच्या बदल्यात नाही, हे तीनदा सांगितलं.

एक पान उरलं होतं.
माझ्या कामात हे बसत नाही.
ते मी उचललं,
आणि सत्तरीतल्या त्या वैद्याने
डोळे मिटून
लहान पोरासारखा आ केला.

पाऊण तासाने चहा घेतला.
गोडी आली, पण कडेकडेने,
भिजलेल्या पायांनी घरात शिरावं तशी.

रजिस्टरात नाव, वय, साखर, पट्टी.
'इतर'च्या रकान्यापाशी
पेन थांबलं.
बाहेर पुढचा पेशंट खोकत होता.