लोड

हर्णैच्या बंदरात हा शब्द कधी उतरला
याची नोंद कुणी ठेवलेली नाही.
बर्फाच्या लाद्यांबरोबर आला असेल,
नाहीतर डिझेलच्या पिंपांमागून.

चोगल्यांची होडी लागली की
बाबा टेम्पोतूनच ओरडायचे, ‘लोड किती?’
‘चाळीस डाग. म्हाकूळ वेगळं.’
मग कुंभार्लीच्या चढाला गाडी फर्स्टवर यायची,
ते स्टिअरिंग थोपटायचे,
‘लोड आहे गो बाय, कुरकुर चालायचीच.’
मी बाजूला बसलेली. कितीतरी दिवस वाटायचं
मलाच म्हणतायत.

वायरमन शिरधनकर खांबावरून सांगायचा,
लोड वाढला की डीपी उडते.
कोळीवाड्यात फ्रीजर वाढले
आणि आमचा पंखा पाहुण्यासारखा वागू लागला.

दहावीला गणितात अठ्ठावीस पडले,
‘लोड घेऊ नको.’
सुलक्षणाआत्तेचं दुसऱ्यांदा मोडलं,
‘लोड घेऊ नको.’
फायनान्सवाल्यांनी टेम्पो ओढून नेला
तेव्हाही हेच म्हणाले,
फक्त कुणाकडे बघून, ते कळलं नाही.
अंगणात तेलाचा डाग होता, तेवढाच.

दापोलीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला:
‘हार्टवर लोड आहे.’
‘किती?’ बाबांनी विचारलं.
सवयीने.

रिपोर्ट फोनवर यायचा होता.
रेंजसाठी मी टाकीवर चढून उभी राहिले.
पडद्यावर एक गोल फिरत होता,
खाली बारीक अक्षरांत, लोड होत आहे.
समोर सुवर्णदुर्गाच्या अंगाने एक होडी येत होती.
भरलेली की रिकामी,
ते पाण्यात किती बुडालीय त्यावरून ओळखायचं,
हे त्यांनीच शिकवलेलं.
गोल फिरतच राहिला. होडी भरलेली होती.

आता त्यांना सपाट झोपता येत नाही.
रात्री दीड-दोनला हाक येते,
‘बाय, लोड दे.’

हा मात्र बंदरातून आलेला नाही.
हा घरातलाच, सावरीच्या कापसाचा,
आत्तेच्या लग्नात व्याह्यांनी टेकावं म्हणून
आईने शिवलेला, लाल अभ्रा, न वापरलेला.
माळ्यावर इतकी वर्षं
त्या दुसऱ्या शब्दाचा गलबला ऐकत पडून होता.

मी तो पाठीमागे सरकवते,
दोन्ही हात तसेच मागे ठेवते.
ते हळूहळू टेकतात.
किती, ते तळव्यांना कळतं.
कालच्यापेक्षा कमी.