चष्म्याची काच

चैत्रात बेळगावात करायचं काय?
मी तर काच बदलायला आले होते.
खडेबाजारात दुकानदार म्हणाला, दोन तास लागतील.

मग कॅम्पात गेले, चालत,
चष्म्याविना.
झाडं नव्हतीच. नुसते जांभळे ढग,
आणि फूटपाथवर त्यांचीच सांडलवंड.

काजूबोंडं घेऊन बसलेली मल्लव्वा म्हणाली, "तगोरी अक्का."
सुटे नव्हते. उद्या द्या म्हणाली.
उद्या मी कुठली येतेय, उचगावची मी.

किल्ल्याच्या तळ्याशी बसून बोंड चोखलं.
घसा खवखवला. पदरावर डाग.
हंगाम सरल्यावरच जातो म्हणतात.

येताना एकही पाटी वाचता आली नाही,
कानडी की मराठी, तेही कळेना.
किती दिवसांनी
बाजार नुसता बाजार होता.

चष्मा तयार होता.
बस येईतोवर
पिशवीतच ठेवला.