झडती

मागच्या भिंतीवरून कोणीतरी आत येतं,
हे पहिल्यांदा कळलं अळूच्या वाफ्यावरून.
दोन पानं चेपलेली, आणि ओल्या मातीत
एक टाच.
फक्त टाच.
चवडा बहुतेक हवेतच ठेवला असावा त्यानं.

उपनगर ठाण्यातून हवालदार येऊन गेले.
"गेलं काय?"
"काही नाही."
"काहीच नाही?"
मी वाळत घातलेल्या चादरी पुन्हा मोजल्या.
"मग बाई, तक्रार कशाची लिहू?"
चहा मात्र घेतला, साखर कमी पडली म्हणाले.

बोरस्ते वहिनी म्हणाल्या, काचा लावा.
त्यांच्या सुनेच्या भावाचं गंगापूरकडे हॉटेल,
तिथून पोतंभर बाटल्या आल्या वाईनच्या,
हिरव्या, जाड बुडाच्या.
आमच्या घरात आलेली ही पहिलीच दारू,
तीही दुसऱ्या कोणी प्यायलेली.
रंगनाथ मिस्त्रीनं त्या फडक्यात गुंडाळून फोडल्या
आणि सिमेंटात उभ्या केल्या, टोकं वर.
सकाळी नऊला ऊन त्यातून उतरतं
तेव्हा अळूवर हिरवे डाग हलतात.
छान दिसतं.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मग कोपऱ्यात घायपात लावला.
मग भाचा म्हणाला, कुत्रा नको तर नको,
साखळी तरी ठेव मावशी.
साखळी ठेवली. जर्मनचं ताट ठेवलं,
त्यात रोज रात्री अर्धी भाकरी, खरं वाटावं म्हणून.
सकाळी ती कावळे नेतात.
पायरीवर बूट ठेवले, अकरा नंबरचे,
जुन्या बाजारातून दीडशेला.
ह्यांचा पाय सात नंबरचा.
ते असते तर या बुटांना आधी तेच घाबरले असते.

एवढं करूनही तो आला. मंगळवारी.
कसं कळलं? नळ.
मागचा नळ चार वर्षं ठिबकतोय,
वायसर बदलून झाले, दोन प्लंबर झाले,
रात्रभर टप, टप, त्याच्यावरच झोप लागते मला.
बुधवारी पहाटे जाग आली
ती आवाज नाही म्हणून.
जाऊन पाहिलं, तर नळ बंद. तोटीखाली कोरडं.
कोणीतरी पाणी पिऊन,
तो कुठल्या बाजूनं दाबून पिळावा लागतो ते शोधून,
नीट बंद करून गेलं होतं.

आता हे हवालदारांना कसं सांगायचं?

प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा मोजल्या मी.
रोज संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना झडती.
पर्स, डबा, अंबाड्यातले आकडे,
बाळंतपणाची रजा संपवून आले त्या दिवशी
दुधानं भिजलेलं पोलकंसुद्धा.
तपासायला इंदुताई पगार, माझ्याच भिशीतल्या.
तरी हात वर.
कागदाचा कपटासुद्धा माझ्याकडे कधी सापडला नाही.
तिथली भिंत आमच्या भिंतीच्या तिप्पट उंच, वर तारा.
किती तरी वर्षं मला वाटायचं,
ती चोरांसाठी आहे.

परवा सेन्सरचा दिवा बसवला.
मांजर गेलं तरी लागतो,
पेरूचं पान पडलं तरी लागतो.
काल रात्री दोनला मीच गेले मागे,
नळ पुन्हा ठिबकायला लागला का बघायला.
खरं तर ठिबकत नव्हता म्हणूनच झोप नव्हती.
उंबरा ओलांडला आणि लख्ख!
आणि माझे दोन्ही हात
आपोआप वर.

गाऊनमध्ये, अनवाणी,
अकरा नंबरच्या बुटांशेजारी.
काचा चमकत होत्या. ताटात भाकरी तशीच.
अंधारातून कोणी बघत असेल तर बघत असेल.
हा दिवा तीस आकड्यांनी विझतो.
ओठ न हलवता मी मोजत राहिले, सवयीनं,
बावीस, तेवीस,
हात खाली घ्या म्हणायला
कोणी नव्हतं.