सहाची ओळ

आप्पाचं डावं अंग गेलं त्याला श्रावणात दोन वर्षं होतील.
किती चहा केले ते साखरेच्या डब्याला माहीत.
येणारे त्याच्या उशाशी बसतात
आणि 'आता कसं आहे?' मला विचारतात,
जणू त्याचे कानही डावेच होते.
मग एखादी वहिनी म्हणते, मालन आहे म्हणून बरं,
आणि चपला शोधायला लागते.

मालन आहे.
जशी घरात पाण्याची टाकी आहे.

आधी माझी कंबर बोलली.
सत्तर किलोचा भाऊ, पंचेचाळीसची मी,
एका पहाटे दोघंही कॉट आणि भिंतीच्या मधे पडलो.
तो हसला. अर्ध्या तोंडानं.
मी नाही हसले.
आवाजानं खालची जैबूनचाची वर आली,
सासऱ्याचं अकरा वर्षं केलेली.
'अरेरे' म्हणाली नाही.
पदर खोचला, चादर दुमडून त्याच्या पाठीखाली सरकवली,
'माणूस उचलायचा नसतोय गं. चादर वढायची.
गुडघ्यात वाक, कमरंत न्हाई.
आनि आधी त्याला सांग, मग हात लाव.
पोतं न्हवं ते.'

सीपीआरच्या एवढ्या कागदांत
हे कुणी लिहून दिलं नव्हतं.

रविवारी उद्यमनगरातून रावसू आला,
आप्पाच्या शेजारच्या लेथवरचा.
दोन वर्षं तोंड चुकवत होता,
चाचीनं म्हणे भर चौकात गाठला.
आप्पाकडं न बघता थेट संडासात शिरला,
भिंतीला पाइप बसवला,
टोकं घासली, पुन्हा घासली,
हाताला लागू नये म्हणून वर सायकलची मूठ चढवली.
मी पैशाचं विचारलं की ड्रिल सुरू करायचा.
जाताना मात्र आप्पाच्या पायाला नुसता हात लावून गेला.

मंगळवारी चाची म्हणाली, 'मी बसतो हितं. तू जा.'
'कुठं?'
'मला काय इचारतीस? जा कुठंबी.'

जिन्यात बराच वेळ उभी राहिले.
औषधाच्या दुकानाशिवाय रस्ताच आठवेना.
शेवटी गंगावेशीत गेले.
म्हशी ओळीनं उभ्या, कासंडीत धार वाजत होती,
फेसाचा ग्लास हातात आला, कोमट,
आणि इथं मला रडू आलं असं लिहायला हवं.
नाही आलं. मी दुसरा ग्लास मागितला.
शेजारचं पोरगं म्हणालं, 'मावशी, मिशी आली.'
येताना केएमटीत झोप लागली,
दोन थांबे पुढं गेले, उलटी चालत आले.

दारात पोचले तर आतून हसणं.
चाची पत्त्यांत लबाडी करत होती
आणि तो उजव्या हातानं राणी उशीखाली दडवत होता.
माझ्याबरोबर तो इतका कधी हसला नव्हता.
पोटात काहीतरी दुखलं,
ते कुणाला सांगणार?
तिलाच सांगितलं, रात्री, नळाशी, भांडी घासताना.
हेही सांगितलं, की कधीकधी वाटतं
सकाळी त्यानं उठूच नये.
मग वाटतं, मीच.
तिचा हात तव्यावरून थांबला नाही.
'मलाबी वाटायचं. दर बेस्तरवारी.'
'बेस्तरवारीच का?'
'त्या दिवशी नळाला पानी नसायचं.'

मग मी हसले.
पहाटे पडलो होतो तेव्हाचं राहिलेलं.
पोट धरून, नळ तसाच चालू ठेवून.

काल औषधांची वही उघडली.
आठला रक्तदाबाची. दोनला पांढरी, अर्धी.
रात्री झटक्याची, जेवणानंतर.
मधेच पेन्सिलीचं वाकडं, कागद फाटेल असं अक्षर:
सा वाजता. मालननं च्या प्यायचा. बसून.

रोज जमत नाही.
आज कपावर साय धरली, मी चादरीच्या घड्या घालत होते.
आप्पानं उजवा हात उचलून खुर्ची दाखवली.
दोनदा.