स्थानिक नाव

माझं काम खळीचं.
वाळलेलं रोप जाड कागदावर बसवायचं,
देठाला दोन बारीक टाके,
उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी:
कूळ, जात, ठिकाण, तारीख, कुणी खुडलं.
तळाला एक ओळ, स्थानिक नाव.
ती बहुतेक वेळा कोरीच.
सव्वीस वर्षं बंडगार्डनच्या पुलापलीकडे
मी कोऱ्या ओळी चिकटवतोय.

त्या ओळींसाठी साहेबांनी बोलावलं चिमाबाई आढारींना,
आंबेगावच्या वरल्या अंगाकडून.
पहाटेची एसटी, मंचरला बदलून दुसरी.
डोक्यावर पाटी.
"मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जायचं व्हय?"
वॉचमन म्हणाला, ओलं काही आत चालत नाही,
कागदांना कीड लागते.
पाटी राहिली माझ्या सायकलच्या कॅरिअरवर,
फडक्याखाली.

पहिला कागद पुढे केला.
त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलंच नाही,
नाक टेकवलं.
डांबरगोळी.
"हे मढं हाय. ह्याला काय इचारू?"
मग पानाची पाठ बोटानं चाचपली, शिरेवरून,
ताप आलेल्या पोराचं कपाळ पाहावं तशी.
"भारंगी. पयलं पानी वतून द्यायचं,
न्हायतर कडू जाळ."
"ही चाई. मोहराची भाजी. कंद काढला
तर त्याचं डोकं परत मातीत लावायचं.
सगळंच खाल्लं तर पुढल्या सालाला
कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"
साहेब लिहीत होते:
खाद्य.
खाद्य, औषधी.
औषधी.

दुपारी चहानंतर
तो एक कागद आला, कडांना तांबूस पडलेला.
मी ठिकाण वाचलं:
कळमजेवाडी, नदीकाठ, मार्च १९५८.
चिमाबाईंचा कप बशीत नीट बसेना.
"आमची वाडी."
कुठे आली ही, साहेबांनी विचारलं.
"न्हाई आता. धरनात."
मग हिशोब केल्यासारखं, स्वतःशीच:
"मी तवा आयच्या पोटात."

नाव?
"नाव हाय."
काय?
"बाळंतिनीला लागतंय. जिला लागतंय
तिलाच सांगत्यात."
साहेबांनी पेन उघडं धरलं,
बराच वेळ धरलं,
मग टोपण लावून फोन घ्यायला बाहेर गेले.

कागदाच्या कोपऱ्यात एक पुडी असते,
गळून पडलेलं ठेवायला.
चिमाबाईंनी ती कानाशी नेली, हलवली.
"बी हाय ह्यात."
साठ वर्षांवरचं आहे मावशी, रुजायचं नाही.
"ते त्याचं त्यो ठरवंल."

सात होत्या. मी मोजल्या.
नियम मला पाठ आहेत, मीच ते टंकून
दारावर लावले आहेत.
त्या काही मागत नव्हत्या.
पदराला आधीपासून एक गाठ होती,
परतीच्या भाड्याची.
ती सोडून त्या नुसत्या बसून राहिल्या.

आता पुडीत पाच आहेत.

जाताना पाटी माझ्याकडे सरकवली:
शेवळं, आणि वर मूठभर काकडं.
"एकली शेवळ शिजवू नका. काकडं लागत्यात संगं,
न्हायतर घशाला खाज."
मी हो म्हणालो.
घरी सांगायला विसरलो.
मालननं ती आंबट फळं लोणच्यासाठी बाजूला काढली
आणि शेवळांना खोबरं लावून
फर्मास भाजी केली.

रात्रभर घशात कुसळं.
दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद उजेडात धरला.
स्थानिक नाव, या ओळीवर
माझ्या अक्षरात लिहिलेलं: आहे.
हे काय, म्हणाले.
आणि पुडी हलकी कशी लागते?

मी गळ्याकडे बोट केलं,
मान हलवली.
खरोखरच
बोलता येत नव्हतं.