शेवटची अकरा मिनिटं

शनिवारी कारखान्यातून सुटलं की
हाताला सॅमनचा वास तसाच घेऊन
मी एरिबेर्तोच्या दुकानात शिरते.
ओले बूट पायपुसण्यावर, छत्री बादलीत.
चिलोए बेटावर पाऊस ही बातमी नसते,
थांबला तर शेजारी एकमेकांना सांगतात.

नव्या कॅसेटी दारापाशी, काचेत,
एका रात्रीचे हजार पेसो.
जुन्या मागे, सरपणाच्या ढिगाशेजारी,
तीनशेला एक,
मागे न फिरवता परत केली तर पन्नास दंड.

इस्माएल नव्यांकडे ओढतो. चौदाचा आहे,
त्याला मोटारी फुटायला हव्यात.
मी पाकिटात बोटं घालून
न बघता नाणी मोजते
आणि म्हणते, जुनं बघू या का काहीतरी,
जणू ही माझी आवड आहे.

मग माना तिरक्या करून नावं वाचत जायचं.
हा पाहिलाय. ह्यात कुत्रा मरतो.
ह्यात सगळे नाचतात आणि कामाला कोणीच जात नाही.
ह्याचं वेष्टण उन्हानं
(कुठल्या उन्हानं, देव जाणे)
निळं पडलंय, नायिका बुडाल्यासारखी दिसते.
"ती घ्या," एरिबेर्तो गल्ल्यावरून म्हणाला,
"दीडशेला देतो. शेवटची अकरा मिनिटं गेलीत,
यंत्रानं खाल्ली.
तिथवर पोचलात की फोन करा.
पुढचं मी सांगतो."

दीडशेत चित्रपट, आणि वर एक माणूस!
घेतली.

चुलीत दोन जाड ओंडके,
वर बटाट्यांचं पातेलं, खिडकीच्या फटीत टॉवेल,
आणि तो चित्रपट: राखाडी,
आवाज विहिरीतून आल्यासारखा,
एक बंदर, एक बाई, बोटीवर गेलेला तिचा माणूस.
इस्माएल आधी नुसते सुस्कारे टाकत होता.
मग गप्प बसला.
मग बटाटा हातात तसाच राहिला.
बाई धक्क्यावर येते. धुकं. भोंगा.
ती कोटाची कॉलर धरते, मान उंचावते, आणि
पडद्यावर मुंग्या.

मुंग्याच मुंग्या.

फोन इस्माएलनंच फिरवला.
पलीकडे कपात चमचा वाजला.
"पोचलात? बरं. घरी कोण कोण आहे?"
मी आणि मुलगा.
"निबाल्दो?"
पुन्ता अरेनासला, बोटीवर. मार्चपासून.
"पत्र?"
पैसे येतात, मी म्हटलं.
तो जरा थांबला, खाकरला,
आणि अकरा मिनिटं बोलला. खरीच अकरा, मी घड्याळ पाहिलं.
बोट लागते. सगळे उतरतात, तो नाही.
बाई माघारी वळते.
तेवढ्यात कठडा धरत धरत कुणी एक दाढीवाला,
पाय जमिनीचे राहिले नसावेत तसा चालत,
आणि तिला ओळखूच येत नाही आधी.
रिसीव्हर आमच्या दोघांच्या कानांमध्ये होता,
इस्माएलचा गाल माझ्या गालाला घासला.
खरखरीत. कधी झाला हा असा?

सोमवारी पट्ट्यावर मासे चिरताना
नोर्माला सांगितलं. तिची सुरी थांबली.
"परत येतो?
मला म्हणाला होता, कोणी येत नाही.
ती घराला कुलूप लावते, बस पकडते,
शहरात शिवणाचं दुकान टाकते.
चांगलं चालतं म्हणे दुकान."
नोर्माच्या नवऱ्याची होडी सापडली होती, तो नाही.
त्याच हिवाळ्यातली गोष्ट.
पट्टा कुणासाठी थांबत नाही,
आम्ही पुढचा मासा घेतला.

संध्याकाळी कॅसेट द्यायला गेले
ती विचारायचंच असं ठरवून:
खरं काय होतं त्यात?
सरपणाशेजारी एक नवं जोडपं माना तिरक्या करून उभं,
पोरीचे दिवस भरत आलेले,
पोराचा हात खिशात, नाणी चाचपत.
एरिबेर्तोनं त्यांच्याकडे पाहिलं,
मग माझ्या हातातल्या निळ्या वेष्टणाकडे.

मी पन्नास पेसो काढून दिले.
मागे फिरवायची राहिली होती,
बाई अजून धुक्यातच होती, मान उंचावून.